दोन नंबर हॉलची हवा

सारीबुलाक, ३ फेब्रुवारी १९८४

आक्कीझ,

पाच ओळींचं पत्र, त्यात तीन ओळी हवामानाच्या. तुमच्या राजधानीत, फ्रुंझेत, बर्फ पडलाय म्हणे. मग आमच्या तलासच्या खोऱ्यात काय कलिंगडं पिकलीत? तेहेतीस वर्षांची झालीस, लग्नाचं एक अक्षर नाही, आणि बर्फाचं कौतुक सांगतेस.

आता माझी बातमी ऐक. आज डायरेक्टरनं आम्हा लोकर निवडणाऱ्या चाळीसजणींना हॉलमध्ये गोळा केलं. म्हणाला, राजधानीतून धूळ ओढणारे मोठे पंखे येणार, मग हवा तपासणार, आणि तपासायला कोण येणार, तर आपल्या उल्कानची नणंद! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. सासूबाई गेल्यावर जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, ती पोर आता कामगारांच्या आरोग्याची इन्स्पेक्टर. तेवढ्यात झूरा माझ्या कानाशी लागली, "तुझ्या नणंदेला म्हणावं, आमच्यावर फार उपकार करू नकोस."

झूरा तोंडाची फटकळ आहे, पण खरं बोलली. तुला तिथे खुर्चीवर बसून ठाऊक असेलच, तरी सांगते. आमचा दोन नंबर हॉल कागदावर 'हानिकारक' आहे. म्हणून रोज अर्धा लिटर दूध मिळतं, आणि इथली दहा वर्षं भरली की पंचावन्नच्या जागी पन्नासाव्या वर्षी पेन्शन. तुझ्या पंख्यांनी हवा स्वच्छ झाली की हॉल साधा. दूध बंद, आणि त्या दिवसापासूनची नोकरी दहा वर्षांत धरायची नाही. नऊ वर्षं अकरा महिने झाले असले तरी नाही. माझी आठ वर्षं आठ महिने झालीत. सोळा महिने राहिलेत बाई! तेवढे दिवस ते पंखे गोदामात पडू देत, मग लाव हवे तितके.

अकराचा व्यायाम चालू आहे. रेडिओवरचा माणूस "हात वर" म्हणतो, आम्ही हात वर करतो आणि चहाला मोकळ्या होतो. मी हल्ली बसूनच करते. वय झालं.

हो, आणि दर पत्राखाली 'आपली कानिशाय' असं ठसठशीत लिहितेस ते नको. सासरच्या माणसाचं नाव मी वाचूही नये. लग्नात आले तेव्हा तू पाच वर्षांची उन्हात रापलेली पोर होतीस आणि मी नाव ठेवलं आक्कीझ, म्हणजे गोरी मुलगी. बायका अजून हसतात.

तुझी वहिनी,
उल्कान


फ्रुंझे, १२ फेब्रुवारी

वहिनी, सलाम.

हवामानावरून बोलणी खाल्ली, पोट भरलं. लग्नाचं पुढच्या पत्रात, म्हणजे कधीच नाही.

पंख्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षं मी या कचेरीत फाइल घेऊन दारोदार फिरले तेव्हा कुठे आपल्या कारखान्याचा नंबर लागला. नुसते पंखे नाही मागितले. तोंडाला बांधायचे मास्क, गरम पाण्याच्या न्हाण्या, कामाचे कपडे कारखान्यातच धुण्याची सोय, वर्षातून दोनदा रक्ततपासणी, सगळं मिळून मंजूर करून घेतलंय. आमच्या साहेबांना वाटतं भिंतीवर दोन पोस्टर लावली की माणसं निरोगी होतात. त्यांच्याशी भांडून मिळवलंय हे.

दूध म्हणजे औषध नव्हे. धूळ पोटात जाऊ द्यायची आणि वर दूध पाजायचं, ही कुठली रीत? शिवाय तुम्ही ते पिताच कुठे? बाटली सरळ नातवाकडे जाते, मला ठाऊक आहे.

आणि नुसती धूळ असती तर एक वेळ चाललं असतं. कच्च्या लोकरीबरोबर मेंढ्यांचा ताप येतो. संध्याकाळी अंग तापतं, पहाटे घाम फुटून उतरतं, माणसाला वाटतं गेला. तो महिनोन् महिने असाच लपाछपी खेळतो आणि मग सांध्यात जाऊन बसतो. लवकर सापडला तर इंजेक्शनं घेऊन दोन महिन्यांत बरा होतो. उशीर केला तर सांधा कामातून गेला समजा. हॉलमध्ये कुणाला असं होतं का? मला खरं कळवा. तुमच्याशिवाय विचारणार कुणाला?

तुमचं अक्षर या वेळी इतकं वाकडं का आलंय?

तुमची आक्कीझ


सारीबुलाक, ४ मार्च

आक्कीझ,

अक्षर वाकडं, कारण पत्र मांडीवर ठेवून लिहिलं. टेबलावर तुझ्या दादाचं खोगीर पडलं होतं. इन्स्पेक्टरची नजर घरच्यांवर नको.

तुझे मास्क पोचले, दोन पेट्या. पांढरी स्वच्छ मलमल, चार पदरी, वर नाड्या शिवलेल्या. बायका इतक्या खूश झाल्या म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी गावात घराघरात दह्याचा चक्का त्यात टांगलेला. नाड्या असल्यामुळे खुंटीला अडकवायला सोपं जातं. मीही दोन नेलेत, पाणी छान निथळतं. कपाळाला हात लावू नकोस. तोंडाला बांधून आठ तास बसायचं तर बोलायचं कसं? बोलल्याशिवाय लोकर निवडून होते का कुठे?

रक्त तपासायला दवाखान्याची गाडी आली होती. कुणी गेलं नाही. रायकान आठवते ना, उजव्या खिडकीशी बसायची ती? दोन वर्षांपूर्वी तिच्या रक्तात तुझा तो मेंढ्यांचा ताप निघाला. नर्सनं नाव हॉलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानंतर तिच्या हातची भाकरी कुणी तोंडात घातली नाही. मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. कारखान्यानं तिला 'हलक्या कामावर' म्हणून फाटकाजवळ बसवलं, म्हणजे पेन्शनची वर्षंही थांबली. माणसातून उठली ती. आता तूच सांग, गाडीत कोण चढेल?

तेव्हा लिहून घे, दोन नंबर हॉलमध्ये ताप कुणालाही नाही. चाळीसजणी ठणठणीत आहेत. रात्री घाम येतो तो आमच्या वयाच्या सगळ्याच बायकांना येतो, तुला यायला अजून अवकाश आहे.

वहिनी


फ्रुंझे, २० मार्च

वहिनी,

मास्कमधल्या चक्क्याचं साहेबांना सांगितलं नाही. मी मात्र आधी हसले आणि मग रडकुंडीला आले. ज्या हॉलमधून नेले तिथली लोकर लागलेले मास्क उकळून तरी घेतलेत का? उकळा. हात जोडते.

रायकानचं वाचून राग आला. नाव मोठ्यानं वाचणाऱ्या त्या नर्सला मी सोडणार नाही. यापुढे ज्याचा निकाल त्याच्याच हातात, बंद पाकिटात, असं लेखी काढून घेतलंय. पण नर्सनं नाव वाचलं एकदा. पुढची दोन वर्षं तिची भाकरी कुणी नाकारली? तुम्हीही नाकारलीत?

पंखे एप्रिलअखेर बसतील. मोजणी २४ मेला. मी दोन दिवस येतेय, घरीच उतरेन. आणि आता उगाच आशेला लावत नाही. हवा जी निघेल ती मी लिहीन. तुमचे सोळा महिने मला दिसतात. पण तुमच्या चाळीसजणींच्या छातीत काय साठतंय ते मला त्याहून जास्त दिसतं.

तुमची,
आक्कीझ


फ्रुंझे, २९ मे

वहिनी,

पोचले. बसमध्ये आठ तास विचार करत होते की कुठून सुरुवात करू.

२३ तारखेला संध्याकाळी बसमधून उतरले ती घरी न येता आधी कारखान्यात डोकावले. तुम्ही घरी माझ्यासाठी पीठ मळत होतात. हॉलमध्ये दुसरी पाळी चालू होती, पंखे चालू होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्यात धूळ दिसत नव्हती. सुट्टीत घरी आले की तुम्हाला डबा द्यायला यायचे तेव्हा त्या हॉलमध्ये समोरचं माणूस धूसर दिसायचं. मी दारातच उभी राहून पोटभर श्वास घेतला. दोन वर्षांची पायपीट फळाला आली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी यंत्र लावलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोर प्रवासानं दमलीय, डायरेक्टरसाहेब, हिला चहा तरी पाजा." मी गेले. आतून गाणं ऐकू येत होतं, चाळीसजणींचं, टाळी धरल्यासारखं. मी डायरेक्टरला अभिमानानं म्हणाले, "बघा, हवा सुधारली तर माणसं गायला लागतात." अर्ध्या तासानं यंत्रातला धूळ धरणारा कागद तोलला तर धूळ मर्यादेच्या चौपट.

वहिनी, मी त्याच गावची मुलगी आहे. ते गाणं नमद्याच्या जाजमासाठी लोकर झोडपतानाचं आहे, हे मला बसमध्ये बसल्यावर आठवलं. मग गठ्ठ्यांमागे दिसलेल्या लवचीक काठ्यांचाही अर्थ लागला. मी चहा पीत होते आणि तुम्ही चाळीसजणी यंत्राभोवती बसून सगळ्यात घाणेरडी लोकर काठ्यांनी झोडपत होतात, का तर माझ्या कागदावर धूळ बसावी! पहिली काठी कुणाची होती ते मी विचारत नाही. गाण्याची पहिली ओळ तुमच्या आवाजात होती.

एक वेळ तेही सोडून देईन. घरी तुम्ही मला मांसाचा चांगला तुकडा वाढायला उठलात आणि भिंत धरून उभ्या राहिलात. पहाटे दोरीवर तुमचे तीन सदरे वाळत होते. एका रात्रीत तीन. हे वयाचं नाही. कधीपासून ताप येतोय?

अहवाल २० जूनला द्यायचाय. पुन्हा मोजणी मागू शकते, किंवा जे कागदावर आलंय त्यावर सही करू शकते. खरं काय ते मला तुमच्या तोंडून हवंय.

आक्कीझ


सारीबुलाक, ६ जून

अगं,

माझ्या दोरीवरचे कपडे मोजतेस? याचसाठी शिकवलं का तुला?

हो, काठ्या आणल्या. पहिली काठी माझी. गाणंही मीच धरलं, माझा आवाज चांगला आहे. तू सही कर आणि विसरून जा. तुझ्या खिशातलं काय जातंय?

मी कधी तुझ्याकडे काही मागितलं? सासूबाई गेल्या तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या. तुला ताप आला की रात्र मी जागवली. फ्रुंझेला शिकायला जायचं म्हणून तू हट्ट धरलास तेव्हा सगळा गोतावळा नको म्हणत होता, तुझा दादासुद्धा. मी एकटी बोलले, "जाऊ दे तिला." हे कधी काढायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज काढलं.

आता ऐक मला पेन्शन कशाला हवी ते. मेच्या सुरुवातीला तुझा दादा मेंढ्या घेऊन घोडीवर बसून वरच्या कुरणात जातो, तो सप्टेंबर संपता खाली येतो. अठ्ठावीस वर्षं मी फाटकाशी उभी राहून त्याची पाठ बघते. पहिल्यांदा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग तुझी शाळा, मग माझ्या पोराची शाळा, मग हा कारखाना. एक उन्हाळा मी त्याच्याबरोबर वर काढलेला नाही. तो वर स्वतःच भाकरी भाजतो, करपवतो, आणि खाली आला की सांगतो, "या वर्षी फुलं गुडघ्याएवढी होती." मला ती फुलं बघायचीत. त्याच्या शेजारी घोड्यावर बसून जायचंय, गुडघ्यात जोर आहे तोवर. पंचावन्नपर्यंत राहील का तो? पुढच्या वर्षी मेमध्ये मी पन्नासची होते. एवढंच माझं मागणं आहे.

ताप नाही. एकदा सांगितलं ना.

वहिनी


फ्रुंझे, १९ जून

वहिनी,

सही केली. 'पंखे बसवूनही हॉलमधली हवा हानिकारक.' तुमचं दूध राहील, तुमची वर्षं मोजली जातील. मेमध्ये घोड्यावर बसा.

वेण्यांचं काढायची गरज नव्हती. मी रोजच काढते.

मात्र एक तुम्हाला माहीत असावं. ज्या पंख्यांचा उपयोग नाही ते इथे ठेवत नाहीत. ते काढून दुसऱ्या कारखान्याला द्यायचा आदेश निघालाय.

थोडे दिवस मला लिहू नका. स्वतःचीच लाज वाटतेय.

आक्कीझ


सारीबुलाक, ३ जुलै

कानिशाय,

घेतलं नाव. आज रीतभात सगळी गुंडाळून ठेवलीय, तेव्हा हेही घे.

लिहू नका म्हणालीस, पण ऐकावंच लागेल तुला. काल सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि पंखे उतरवायला लागली. मला वाटलं होतं बायका सुटकेचा निःश्वास टाकतील. त्या हातातली लोकर टाकून पंख्यांकडे बघत राहिल्या. दोन महिने पंखे होते, त्या दोन महिन्यांत सकाळी नाकातून काळं येणं थांबलं होतं. झूराचा खोकला गेला होता. हे आम्ही एकमेकींना बोललोच नव्हतो, बोललो तर पंख्यांच्या बाजूनं झालो असतो ना. पहिला पंखा खाली आला आणि तासाभरात झूरा पुन्हा खोकायला लागली. माझ्याकडे बघून खोकत होती.

अकरा वाजले. रेडिओवरचा माणूस म्हणाला, "उठा, पाय खांद्याएवढे फाकवा." मी नेहमीसारखी बसून राहणार होते. पण शिडीवाला माणूस माझ्याच बाकामागे शिडी लावायला आला. म्हणाला, "आई, जरा उठा." मी उठायला गेले आणि उठेना. डावी मांडी हलेचना. पुन्हा प्रयत्न केला. चाळीसजणी हात वर करून माझ्याकडे बघताहेत आणि तो रेडिओ आपला "एक, दोन, एक, दोन" करतोय. घामानं माझी पाठ भिजली.

"कंबर धरली का?" सोनुननं विचारलं. ती नवी आहे, वसंतात लग्न होऊन आली.

आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "कंबर नाही. ताप आहे मला, रायकानचा तोच. दोन वर्षं आहे. रोज संध्याकाळी चढतो. मी तुमच्याशी खोटं बोलले, डॉक्टरशी खोटं बोलले, नणंदेशी खोटं बोलले. आणि रायकानच्या हातची भाकरी मी पहिली नाकारली, कारण मला भीती होती की तिच्याजवळ बसले तर माझंही कुणाला कळेल."

रेडिओ कुणीतरी बंद केला. मला वाटलं आता बायका सरकतील. रायकानपासून सरकल्या होत्या तशा. मग डाव्या कोपऱ्यातून एक आवाज आला, "मलाही येतो." मग आणखी एक म्हणाली, "मला हिवाळ्यापासून." झूरा गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "माझी बोटं सकाळी मिटत नाहीत." अकराजणी निघाल्या, कानिशाय. चाळिसातल्या अकराजणी! रोज एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसतो, सासवांची उणीदुणी काढतो, नवऱ्यांची लक्तरं धुतो, आणि हे एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं.

सोनुन पळत फाटकाशी गेली आणि रायकानला हाताला धरून घेऊन आली. रायकान दारात उभी राहिली, पुढे येईना. मी म्हटलं, "ये गं बाई, तुझी भाकरी असेल तर दे." तिनं दिली नाही. म्हणाली, "आज मी आणली नाही." आणि निघून गेली. बरोबर केलं तिनं. लगेच माफ करायला ती काय संत आहे?

शिडीवाल्यांना आम्ही बाहेर काढलं. पंखे अजून जमिनीवर पडलेत. आता तुझं काम. जा आणि तुझ्या साहेबाला सांग की तू खोटं लिहिलंस. का लिहिलंस तेही सांग, काठ्यांचं सांग, माझं नाव सांग. मी चाळीसजणींसमोर खोटं कबूल केलं, तू एका माणसासमोर कर. माझ्यासाठी तू खोटी सही करावीस एवढी मी कधी मोठी नव्हते. तुला तसं वाढवलं नव्हतं मी. वेण्यांचं लिहिलं त्याची लाज वाटते. ते पत्र जाळून टाक.

उद्या सकाळी आम्ही अकराजणी तलासच्या दवाखान्यात जातोय. कारखान्याचा ट्रक देत नव्हता डायरेक्टर, झूरानं द्यायला लावला.

उल्कान


फ्रुंझे, १४ जुलै

वहिनी,

सांगितलं.

साहेबांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "गप्प बसायचं काय घेशील?" मी म्हटलं, वहिनी मारतील. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी लेखी दिलं. मला सक्त ताकीद मिळाली, इन्स्पेक्टरची जागा गेली, आता कागद टंकायच्या खोलीत बसते. खिडकी नाही. बाकी बरं आहे.

पंखे परत बसवायचा आदेश बरोबर पाठवतेय, त्याची एक प्रत डायरेक्टरच्या नाकासमोर धरा. फेरमोजणीला दुसरा माणूस येईल, चांगला आहे, चहाला जात नाही. १ ऑगस्टपासून हॉल साधा धरला जाईल. झूराची दोन वर्षं राहिली होती ना? तिला काय वाटेल ते मला कळतं.

तुमच्यासाठी मात्र एक वाट आहे. हा ताप कामामुळे जडला असं दवाखान्यानं लिहून दिलं तर आजाराची पेन्शन मिळते, त्याला वयाची अट नाही. अकराहीजणींचे कागद मी इथून टंकून पाठवतेय, फक्त शिक्के घ्या. टंकायच्या खोलीत बसल्याचा तेवढा फायदा.

पत्र जाळलं नाही. त्यात फुलं गुडघ्याएवढी आहेत.

डॉक्टर मांडीबद्दल काय म्हणाले?

आक्कीझ


सारीबुलाक, ११ सप्टेंबर

आक्कीझ,

सहा आठवडे दवाखान्यात काढले. दिवसाला दोन इंजेक्शनं, बसायची जागा चाळणी झाली. ताप गेला. पहिल्यांदा सकाळी कोरड्या सदऱ्यात उठले तेव्हा मला कळेना की काय चुकतंय.

पेन्शन झाली. मेपर्यंत थांबावं लागलं नाही, नऊ महिने आधीच मिळाली. तुझ्या टंकलेल्या कागदांना कुणी नाव ठेवू शकलं नाही. अकरापैकी नऊजणी बऱ्या होऊन कामावर परतल्या. झूरा माझ्याशी बोलत नाही. तिची बोटं सुधारली, पण दोन वर्षं राहिली ती राहिलीच, आणि म्हणते, तुझं झालं, आमचं काय. मी रोज तिच्या दारावरून जाते, ती रोज दार लावते. तिच्या जागी मी असते तर मीही लावलं असतं.

ऑगस्टच्या शेवटी तुझा दादा खाली आला, मला न्यायला. माझ्यासाठी वेगळी घोडी आणली होती, शांत, म्हातारी, खोगिरावर नवी उशी शिवलेली. स्वतः शिवली होती, टाके बघून हसू आलं. म्हणाला, "फुलं सुकलीत, पण महिनाभर गवत आहे. चल." मी ओट्यावर उभी राहिले, त्यानं मला उचललं, आणि डावा पाय खोगिरावरून पलीकडे जाईना. त्यानं पुन्हा उचललं. मग शेजारचे दोघं आले. मी ओरडले तेव्हा सगळ्यांनी खाली ठेवलं. डॉक्टरनं सांगितलं होतंच, ताप गेला तरी मांडीचा सांधा आता उघडणार नाही, मीच तुझ्यापासून लपवलं. हे शेवटचं लपवणं. वरपर्यंत गाडीरस्ता नाही, तुला माहीत आहे. दादा तीन दिवस राहिला. भाकरी त्यानंच भाजली. मग मेंढ्या थांबत नाहीत म्हणून गेला. मी फाटकाशी उभी राहिले. या वेळी तो दर वळणावर मागे बघत होता, आणि मी घरात येऊन ढसाढसा रडले. दोन वर्षांपूर्वी बोलले असते तर वर गेले असते, हे मला कुणी सांगायला नको.

आता मी दर सोमवारी कारखान्यात जाते. पगार नाही, कुणी बोलावलेलं नाही. हॉलच्या दारात स्टूल टाकून बसते. रायकान समोर फाटकाशी असते, गेल्या सोमवारी तिनं न बोलता चहाचा पेला पुढे केला. येणाऱ्या प्रत्येकीला मी एकच विचारते, "ताप आला होता का?" पहिल्यांदा बायका हसायच्या, "नाही गं बाई, तुझी दृष्ट लागेल," म्हणायच्या. मास्क मात्र तोंडाला बांधतात, आणि बोलतातही, फक्त ओरडून.

काल सोनुन दारात थांबली. आत जाईना, बाहेर जाईना. मी विचारलं. ती म्हणाली, "आला. शुक्रवारपासून संध्याकाळी येतोय." सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाली. तिला तशीच हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले, लंगडत. डॉक्टर म्हणाला, इतक्या लवकर कुणी आलेलंच नाही, पूर्ण बरी होईल.

चौथ्या दिवशी बोलली पोर. मी सातशे दिवस लावले होते.

वहिनी